पपईचा बुंधा सडतोय, मदत हवी आहे

राम राम मंडळी. शहादा तालुक्यात माझी दोन एकर पपई आहे, तैवान 786 जातीची. फेब्रुवारीत लावलेली, जमीन काळी भारी. मागच्या झडीत खालच्या टोकाच्या सरीत तीन दिवस पाणी तुंबलं आणि तिथूनच झाडं जायला लागली.

आधी खालची पानं पिवळी पडून लोंबतात. मातीलगत बुंध्यावर पाण्यात भिजल्यासारखा डाग येतो, मग साल तपकिरी होऊन हाताने निघते. काल एका झाडाला नुसतं टेकलो तर ते आडवं झालं, आत जाळीसारखं पोकळ. फळं लिंबाएवढी लागलेली होती हो, जीव तुटतो.

पाण्याला चर काढून दिला, मेलेली झाडं मुळासकट उपटून बांधाबाहेर जाळली. बुंध्याभोवती मातीची भर लावली. आजूबाजूच्या झाडांना 1 टक्का बोर्डो हे बुरशीनाशक मिश्रण (मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 100 लिटर) बुडाशी ओतलं. त्या मिश्रणात लोखंडी विळा बुडवून पाहिला, तांबूस झाला नाही, म्हणजे मोरचूद जास्त झालेलं नाही.

आता विचारायचं असं: मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी ओतणं) लगेच करू की थांबू? बोर्डोनंतर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) किती दिवसांनी सोडता? मोरचुदातल्या तांब्याने ट्रायकोडर्मा मरतो, म्हणून घाई करत नाही. डाग नुकताच दिसलेलं झाड साल खरवडून, बोर्डो पेस्ट लावून कोणाचं वाचलंय का? भारी जमिनीतल्या भाऊंनी स्वतःचा अनुभव सांगा. ढग पुन्हा भरून आलेत.