फोनवर गेलेला वेळ: काय मिळालं, काय गेलं? बडोदेकरांनो, लिहा

बडोद्यातल्या मराठी घरांतला फोन तीन भाषांत वाजतो. सोसायटीचा ग्रुप गुजरातीत, नातेवाइकांचा मराठीत आणि मुलांच्या शाळेचा इंग्रजीत. सोशल मीडिया चांगला की वाईट, हा वाद इथे नको. तुमचा वेळ नेमका कुठे गेला आणि त्या वेळात काय हाती आलं किंवा काय हातचं गेलं, तेवढं लिहा. माझं मत आधीच सांगते: पलीकडे कोण आहे हे ठाऊक असतं तो वेळ सहसा वाया जात नाही. पण माझ्या मताला धरून लिहू नका, तुमचं लिहा. आलेली काही उत्तरं खाली देते, प्रत्येकावर लिहिणाऱ्याची बडोद्यातली वस्ती आणि काम.

समा, गृहिणी

२०२४ च्या ऑगस्टमधला पूर. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट, त्या वेळी पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं होतं. तळमजल्यावरची कुटुंबं आमच्याकडे वर आली. लाइट नाही, लिफ्ट बंद. फोन जपून वापरायचा म्हणून एका वेळी एकाचाच चालू ठेवत होतो. सासऱ्यांचं इन्सुलिन संपत आलं होतं. सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, शेजारच्या बेनने ते तिच्या माहेरच्या ग्रुपवर टाकलं, आणि निजामपुऱ्यातला एक अनोळखी मुलगा कमरेएवढ्या पाण्यातून डोक्यावर पिशवी घेऊन आला. पैसे घ्यायलाही थांबला नाही. काळा घोडा पुलाजवळ पाणी किती, उतरतंय की चढतंय, हेही ग्रुपवरच कळायचं.

पण त्याच ग्रुपवर रात्री कुणीतरी 'आजवा फुटलं', म्हणजे शहराजवळचं धरण फुटलं, असं टाकलं. आमच्याकडे आलेल्या आजी अंधारात जिना चढून अगाशीत जायला निघाल्या, दोघांनी धरलं म्हणून पडल्या नाहीत. रस्त्यावर आलेल्या मगरींचे व्हिडिओ खरे होते, पण त्यात २०१९ च्या पुरातलेही मिसळले होते. आपल्या गल्लीतलं कुठलं आणि जुनं कुठलं, हे कळेना. पूर ओसरल्यावर आम्ही ग्रुपसाठी एक नियम केला: स्वतः पाहिलं असेल तेच टाकायचं, आणि सोबत वेळ व जागा लिहायची. फॉरवर्ड आलं की ॲडमिन काढून टाकतो. पावसाळ्यात हा नियम फार कामाला येतो. प्रत्येक सोसायटीने तो करावा असं मला मनापासून वाटतं.

दांडिया बाजार, निवृत्त शिक्षिका

मला तोटा दिसत नाही. स्पष्टच लिहिते, कारण आमच्या वयाच्या बायकांना 'तुम्ही सतत फोनमध्ये' असं हल्ली सगळेच ऐकवतात. आमचं भजनी मंडळ गुडघ्यांपायी बंद पडायला आलं होतं. आता दर एकादशीला व्हिडिओ कॉलवर हरिपाठ होतो. आवाज मागेपुढे होतो, टाळ तर जुळतच नाहीत, म्हणून एकीने म्हणायचं आणि बाकीच्यांनी आपापला माइक बंद ठेवून घरात म्हणायचं. मंडळातली एक जण मुलाकडे कॅनडात गेली. तिथे तेव्हा सकाळ असते, ती आंघोळ करून बसते. तिला घरात मराठी बोलायला मुलगा-सून सोडून कुणी नाही. तो तासभर तिला काय देतो, ते विचारा तिला.

फतेहगंज, छापचित्रकार

मी महाराज सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये शिकले. १९५० मध्ये सुरू झालेल्या त्या फॅकल्टीच्या नावावर आजही दारं उघडतात, पण गॅलरीपर्यंत पोचायला तेवढं पुरत नाही. माझी पहिली विक्री इन्स्टाग्रामवरून झाली, बंगळुरूच्या एका बाईंना. मध्ये कुणी नाही, पूर्ण पैसे माझे. हा फायदा मी कधीच नाकारणार नाही.

गेलं काय, ते सांगणं जरा अवघड आहे. एचिंगमध्ये जस्ताच्या प्लेटवर ॲसिड रेष खातं, बुडबुडे येतात, ते कॅमेऱ्यात सुंदर दिसतं. असा व्हिडिओ टाकला की बघणारे भरभरून येतात. ज्यासाठी एवढा खटाटोप, तो छापलेला कागद टाकला की सामसूम. पुढे पुढे कोणतं काम हातात घ्यायचं हे ठरवतानाच 'याचा व्हिडिओ कसा होईल' हा विचार आधी येऊ लागला. करडे, हळू उलगडणारे प्रिंट फोनच्या पडद्यावर मरतात. ते मी दोन वर्षं केलेच नाहीत. आता स्टुडिओत काम चालू असताना फोन बाहेर ठेवते आणि पूर्ण झालेल्या कामाचाच फोटो टाकते. बघणारे कमी झाले. विचारणारे तेवढेच राहिले, हे मला अनपेक्षित होतं.

कारेलीबाग, माध्यमिक शाळेतली शिक्षिका

नववीचा पहिला तास. निम्मी मुलं डोळे उघडे ठेवून झोपलेली असतात. टिकटॉकवर २०२० च्या जूनमध्ये बंदी आली तेव्हा पालकांनी सुस्कारा सोडला होता, पण मुलं पुढच्याच महिन्यात रील्सवर गेली. पान संपत नाही, ही यातली खरी गोम. पूर्वी पुढचं बघायला बोट दाबावं लागे, तिथे क्षणभर थांबणं व्हायचं. न संपणारं पान २००६ मध्ये आझा रास्किन या डिझायनरने घडवलं आणि पुढे त्याबद्दल स्वतःच जाहीर खेद व्यक्त केला. हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलं सरसावून ऐकतात. आपल्या आळसापलीकडे इथे कुणीतरी मुद्दाम काही रचलंय, हे त्यांना पहिल्यांदा कळतं.

झोपेपेक्षाही मला जास्त छळतं ते मुलींच्या ग्रुपांचं. एकीला रात्री ग्रुपमधून काढलं, बाकीच्यांनी नवा ग्रुप केला, त्यात तिचे फोटो, हसणं. ती दुसऱ्या दिवशी शाळेत आलीच नाही. आईने पोटदुखी लिहून पाठवली, कारण आईलाही तेवढंच माहीत होतं. आमच्या लहानपणीही अबोला असायचा, पण घरी आलं की दार लावून घेता यायचं. आता तो अबोला उशाशी येतो. पालकसभेत आम्ही एकच मागितलं: रात्री सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. आईवडिलांचेसुद्धा. ज्या घरांत आईवडिलांचे फोन आत राहिले, तिथे हे आठवडाभरही टिकलं नाही.

रावपुरा, फराळाच्या ऑर्डर घेते

दिवाळीच्या चकल्या-अनारसे फक्त व्हॉट्सॲप स्टेटसवर विकले जातात. दुकान नाही, भाडं नाही. गुजराती गिऱ्हाईक अनारसा पहिल्यांदा तिथेच बघतं. रात्री दोनला 'अजून किती वेळ?' विचारणारे मेसेज येतात, तेवढं सोडलं तर माझी तक्रार नाही.

गोत्री, नोकरदार

आई गेल्यावर बाबा एकटे राहायचे. शेअर बाजाराच्या एका ग्रुपमध्ये त्यांना कुणीतरी घेतलं. रोज सकाळी विचारपूस, जेवलात का, औषध घेतलं का. पैशांचा विषय बऱ्याच दिवसांनी निघाला. लोक म्हणतात ते लोभाला भुलले. मला तसं वाटत नाही. दिवसातून चार वेळा त्यांच्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. पैसे गेल्याचं कळताच आम्ही १९३० वर फोन केला. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे, घरातल्या मोठ्यांच्या फोनमध्ये आजच घालून ठेवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त. आमची थोडी थांबली. आता दर संध्याकाळी मी किंवा ताई बाबांना फोन करतो, आणि शनिवारी ते कमाटीबागेत आमच्याबरोबर येतात.

अकोटा, निवृत्त

मी सगळं बंद केलं. झोप सुधारली, पेपर पुन्हा पुरा वाचून होतो. पण पुण्यात चुलतभाऊ गेला ते मला दहाव्यानंतर कळलं. घरात कुणी वेगळा फोन केलाच नाही, ग्रुपवर टाकलं म्हणजे सगळ्यांना कळलं असं धरलं होतं. वहिनींना भेटायला गेलो तेव्हा काय बोलावं सुचेना. तरीही परत जायचं नाही असं ठरवलं आहे. भाचीला सांगून ठेवलंय, बारसं, लग्न, कुणाचं आजारपण किंवा जाणं, एवढं मला फोन करून सांगत जा. ती न चुकता सांगते.