दुसऱ्या बाळंतपणात पत्नीजवळ थांबायचे आहे : अनुभव आणि माहिती हवी आहे

नमस्कार. माझ्या पत्नीला सध्या सातवा महिना चालू आहे आणि हे आमचे दुसरे अपत्य आहे. या वेळी मला तिच्याजवळ आत थांबायचे आहे. त्यासाठी डॉक्टरांशी कसे आणि केव्हा बोलावे, याबद्दल ज्यांनी हे अनुभवले आहे त्यांची मदत हवी आहे.

मुलीचा जन्म चार वर्षांपूर्वी पत्नीच्या माहेरी, सांगली जिल्ह्यातील एका खासगी रुग्णालयात झाला. पहाटे पिशवी फुटल्याचा फोन आला आणि मी पुण्याहून निघून दहा वाजेपर्यंत पोचलो, परंतु लेबर रूममध्ये पुरुषांना प्रवेश नव्हता. दुपारी सिस्टर बाहेर आल्या आणि बाळाने पोटात शी केली आहे, ठोके कमी होत आहेत, ताबडतोब सिझर करावे लागेल, असे सांगून त्यांनी संमतिपत्र पुढे केले. मी न वाचताच सही केली. काही वेळाने हिरव्या कापडात गुंडाळलेले बाळ माझ्यासमोरून घाईने नेले गेले आणि मी त्याच्यामागे धावलो. श्वासाचा त्रास असल्याने ते तीन दिवस काचेच्या पेटीत होते. मुलगी आता ठणठणीत आहे.

पत्नीला कमरेखालचीच भूल दिलेली होती, म्हणजे ती पूर्ण जागी होती, हे मला फार उशिरा उमगले. बाळाचे रडणे ऐकू आले नाही म्हणून ती पडद्याआडून पुन्हा पुन्हा विचारत होती आणि कामाच्या गडबडीत तिला कोणी उत्तर दिले नाही. डॉक्टरांनी बाळ वाचवले, त्यांच्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. पण त्या वेळी तिचा हात धरणारे कोणीतरी हवे होते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2016 मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास मुभा दिली आणि जेथे इतर स्त्रियांचा खासगीपणा जपला जातो तेथे पतीलाही थांबता येते, असे वाचले आहे. ही अट मला रास्त वाटते. खासगी रुग्णालयात मात्र सगळे डॉक्टरांवर अवलंबून दिसते. आधीच्या सिझरचा छेद आडवा आणि खालच्या बाजूस असल्याने आमच्या डॉक्टर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करू देण्यास तयार आहेत. मात्र जुना टाका उसवण्याचा धोका असल्यामुळे शस्त्रक्रियेची तयारी ठेवूनच. पुन्हा सिझरची वेळ आली, तर कमरेखालची भूल असताना पतीला ऑपरेशन थिएटरमध्ये बसू दिल्याचा कोणाचा अनुभव आहे का? त्यासाठी भूलतज्ज्ञांना आधी भेटावे लागते का? पूर्ण भूल द्यावी लागल्यास बाहेर थांबावे लागेल, याची मला कल्पना आहे.

सासूबाईंना आपल्याला डावलले असे वाटू नये, यासाठी त्यांच्याशी मी स्वतः बोलणार आहे.

आणखी एक प्रश्न मला सर्वांत जास्त छळतो. या वेळीही बाळाला लगेच अतिदक्षता विभागात न्यावे लागले, तर वडिलांनी बाळाबरोबर जावे की आईजवळ थांबावे? पत्नी म्हणते, "तू बाळाबरोबर जा, पण जाण्याआधी ते रडले की नाही एवढे मला सांग." ज्यांच्यावर ही वेळ आली, त्यांनी काय केले, हे कृपया लिहावे.