लेख छापायचे पैसे ग्रंथालयाने का भरायचे?

नेरुळची ग्रंथपाल:
आमचं कॉलेज विनाअनुदानित. जर्नलांची वर्गणी भरता भरता जीव जातो, त्यात यंदा दोन प्राध्यापक म्हणतात, लेख ओपन अ‍ॅक्सेस (कुणालाही फुकट वाचता येईल असा) छापायचाय, त्याची एपीसी (लेखकाला भरावं लागणारं शुल्क) ग्रंथालयाच्या बजेटमधून द्या. देशभरच्या संस्थांसाठी एकत्र वर्गणी भरणाऱ्या केंद्राच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला ३ वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नलं. पण पहिल्या टप्प्यात सरकारी संस्थांनाच, आम्ही दाराबाहेर. बिल डॉलरमध्ये, बजेट रुपयांत. रुपया घसरला की एखादं जर्नल बंद करावं लागतं. एकाच्या लेखापायी अख्ख्या विभागाचं वाचन का कापू? माझ्या मते एक रुपयाही देऊ नये.

खारघरचा संशोधक:
ताई, वाचायला फुकट हवं आणि छापायला पैसे नकोत? योजनेबाहेरच्या कॉलेजांना ओपन अ‍ॅक्सेसचाच तर आधार. बरेचसे लेख कुणीतरी एपीसी भरली म्हणूनच तुमच्या मुलांना उघडता येतात. जर्मनीने २०१९ मध्ये वायली या प्रकाशकाशी करार केला, दर लेखामागे २,७५० युरो. वर्गणीचाच पैसा छपाईकडे वळवला.

नेरुळची ग्रंथपाल:
तिथे देशभरातल्या संस्था एकजुटीने वाटाघाटीला बसल्या होत्या. आमचा एकट्याचा तर फोनही कोणी उचलणार नाही. शिवाय लेखागणिक पैसे म्हटल्यावर जो जास्त लिहितो त्याचं बिल फुगणारच. 'नेचर' जर्नलने २०२१ मध्ये एक लेख खुला करायला ९,५०० युरो लावले. त्यात आमची किती जर्नलं येतील, तुम्हीच हिशोब करा.

ठाण्याचा निवृत्त ग्रंथपाल:
भांडा, पण आधी वापराचे आकडे काढा. बिल भागिले डाउनलोड. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा एक महागडं जर्नल वर्षभरात चारदा उघडलेलं निघालं, त्यातलं एकदा मीच, चालतंय का बघायला! ते बंद केलं. कुणी विचारलंही नाही. अधूनमधून लागणारा लेख डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्यावरून मागवता येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ ला एल्सेविअर या प्रकाशकाचा करार सोडला आणि २०२१ ला नवा होईपर्यंत दोन वर्षं काढली. आणि एपीसी न भरताही लेख खुला करता येतो: स्वीकृत हस्तलिखित (जर्नलने मान्य केलेली, छपाईआधीची प्रत) ऑनलाइन भांडारात ठेवा. डीबीटी-डीएसटीच्या (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांच्या) पैशातल्या संशोधनासाठी तर २०१४ पासून तसं धोरणच आहे.

खारघरचा संशोधक:
काका, बऱ्याच प्रकाशकांची अट असते, भांडारात खुला करायला वर्षभर थांबा. तोवर विषय शिळा होतो. आणि कुठल्या जर्नलची काय अट, हे बघत कोण बसणार?

नेरुळची ग्रंथपाल:
मी बसते, तेच माझं काम. गेल्या वर्षी सगळ्या विभागांना मेल केला की स्वीकृत प्रत पाठवा. उत्तर एकच आलं. त्यांनीही पाठवली ती प्रकाशकाची छापील पीडीएफ, जी ठेवायची परवानगीच नव्हती.

खारघरचा संशोधक:
हे मात्र आमचंच चुकतं, कबूल. एपीसीबद्दल माझं मत तेच आहे.

ठाण्याचा निवृत्त ग्रंथपाल:
ताई, आकडे काढायला मदत हवी असेल तर सांगा. ट्रान्स-हार्बर पकडून येतो, शनिवारी रिकामाच असतो.