वहाळातलं प्लास्टिक खाडीत जायच्या आधी कसं अडवावं?

वहाळकाठ

नमस्कार मंडळी. चिपळूणच्या खालच्या अंगाला वाशिष्ठी नदीला मिळणारा एक वहाळ, म्हणजे ओढा, आहे. वर बाजारपेठ, दोन वाड्या आणि एक मंगल कार्यालय. पहिला मोठा पाऊस झाला की पेठेतला सगळा कचरा वहाळातून वाशिष्ठीत, तिथून दाभोळच्या खाडीत आणि पुढे समुद्रात. संगमापासून चारशे मीटर वर साकव (लहान पूल) आहे. तिथे पात्र 14 मीटर रुंद. डावा काठ जांभ्याचा, त्याच बाजूने टेम्पो येईल असा रस्ता. उजवा काठ मातीचा. वरच्या वळणामुळे पाण्याचा ओढा डावीकडे असतो. मे महिन्यात गुडघाभर पाणी, जुलैत दोन-तीन तासांत अडीच मीटर चढतं.

ग्रामसभेत साकवाच्या खांबांना जुनं मासेमारीचं जाळं ताणून बांधायचं ठरतंय. खर्च नाही म्हणून सगळ्यांना पटलंय. टिकेल का? नसेल तर नेमकी मापं सांगा, म्हणजे साहित्याची यादी देता येईल.

जांभाकातळ

जाळं बांधू नका, आणि साकवाला तर मुळीच नको. पहिल्या तासाभरात पिशव्या आणि पातेरा (पालापाचोळा) बसून जाळ्याची भिंत होते, पाणी मागे तुंबतं आणि सगळा भार साकवाच्या खांबांवर येतो. जाळं फाटलं तर अडवलेल्या कचऱ्यासोबत तेही खाडीत. शिवाय तळापर्यंत ताणलेलं जाळं पहिल्या पावसात वर चढणारे वलगणीचे मासे अडवतं. अंडी घालायला निघालेला मासा अडला की पुढच्या हंगामाचं नुकसान.

तुम्हाला हवा तो तरंगता अडसर, तळ मोकळा ठेवणारा. तो पात्राला आडवा नको, प्रवाहाशी साधारण 30 अंशांत तिरका. वरचं टोक उजव्या काठाला, खालचं डाव्या. तिरक्या अडसराला लागून कचरा आपोआप डावीकडे सरकतो, आणि तिथेच तुमचा रस्ता आहे. आडवा लावला तर कचरा मध्यावर गोळा होतो आणि काढायला पाण्यात उतरावं लागतं.

14 मीटर पात्राला 30 अंशांत टोकापासून टोकापर्यंत सरळ अंतर 28 मीटर येतं. मध्यावर त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे पावणेतीन मीटर बाक येईल एवढं पोट सोडा. त्याला मीटरभरच जादा लागतो, एकूण लांबी 29 मीटर. हे पोट महत्त्वाचं. एवढं सैल असेल तर टोकावरचा ताण अडसरावरच्या एकूण भाराच्या सव्वा ते दीडपट राहतो. ताठ ओढून पोट चाळिसाव्या हिश्श्यावर आणलंत की तोच ताण पाचपट होतो. सैल दिसतंय म्हणून कुणीतरी येऊन आवळतो आणि त्याच रात्री नांगर (टोक धरून ठेवणारी काठावरची बांधणी) उपटतो, हे फार ठिकाणी होतं.

तरंगायला 160 मिमी व्यासाचा काळा एचडीपीई (चिवट प्लास्टिकचा) पाइप घ्या. 3 मीटरचे 9 तुकडे, दोन्ही तोंडांना वेल्ड केलेली टोपणं. पाइपचं वजन वजा जाता मीटरमागे 17 किलोच्या आसपास तरंगशक्ती मिळते. 110 मिमीत ती जेमतेम 8 किलो, ओला पातेरा चढला की पाइप बुडतो आणि बाटल्या वरून निघून जातात. पीव्हीसी नको. उन्हात ठिसूळ होतो, चिकटवलेली टोपणं गळतात.

पाइपखाली 30 सेंमी खोल जाळीची झालर, भोकं 25 मिमी, तळाला 8 मिमीची गॅल्व्हनाइज्ड साखळी. साखळी नसेल तर झालर प्रवाहात आडवी होऊन वर येते आणि खालून सगळं मोकळं. दोन तुकड्यांमध्ये वीतभर फट ठेवा, म्हणजे अडसर लाटेबरोबर वाकतो. पण त्या फटीवर ट्रकच्या जुन्या ट्यूबचा पट्टा बोल्टने बसवा, नाहीतर गुटख्याची पाकिटं तिथूनच जातात.

भार पाइपने घ्यायचा नाही, 10 मिमी तारदोराने (पोलादी तारांच्या दोराने) घ्यायचा. प्रत्येक टोकाला थिंबल (फासाच्या आत बसणारी धातूची खोबण) आणि तीन क्लिपा. क्लिपचं खोगीर भार घेणाऱ्या दोरावर आणि यू-बोल्ट मोकळ्या शेपटीवर. उलट बसवलं तर यू-बोल्ट भाराच्या दोराला चिरडतो.

वेग मोजायला न सोललेला नारळ सोडा. 10 मीटर जायला 10 सेकंद लागले तर सेकंदाला 1 मीटर. त्या वेगाला कचऱ्याने भरलेल्या तिरक्या अडसरावर सुमारे 200 किलो भार येतो. वेग दुप्पट झाला की भार चौपट. म्हणून एका टोकाला मुद्दाम कमकुवत दुवा ठेवायचा: 8 मिमीचा पॉलीप्रॉपिलीन दोर. नवा दोर साधारण टनभर घेतो, गाठीमुळे निम्मा. टोकावरचा ताण भाराच्या दीडपट धरला तर वेग सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास गेला की तो तुटतो, अडसर दुसऱ्या काठाला जाऊन लागतो आणि वहाळ मोकळा होतो. सुटलेला अडसर 29 मीटर खाली लोंबेल, त्यामुळे खालचा नांगर साकवाच्या किमान 40 मीटर वर हवा, नाहीतर खांबांत अडकेल.

उधाण

वरच्या मापांशी सहमत. जागेबद्दल थोडं.

खाडीचं पाणी वहाळात कुठवर चढतं ते आधी पाहा. मे महिन्यातल्या अमावस्येला किंवा पौर्णिमेला, उधाणाच्या भरतीच्या वेळी साकवापाशी वाळलेलं पान टाका. पान थांबलं किंवा उलटं फिरलं तर जागा आणखी वर सरकवा. भरतीच्या पाण्यात एकतर्फी अडसर कामाचा नाही. ओहोटीला जमवलेला कचरा सहा तासांनी भरती उलट दिशेने उचलते आणि झालरही पाइपभोवती गुंडाळते. संगमाजवळ तर नकोच. वरच्या कोळकेवाडी धरणातून वीजघराचं पाणी सुटतं तसं वाशिष्ठीचं पाणी वर-खाली होतं, त्याचा फुगवटा वहाळाच्या तोंडात शिरतो. भांगाच्या (अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या लहान भरतीच्या) दिवशी केलेल्या पाहणीवर विसंबू नका, तेव्हा पाणी कमीच चढतं.

पाणी अडीच मीटर चढतं म्हणता, तर दोन्ही टोकं एका उंचीला पक्की बांधून चालणार नाही. काठाला उभा जाड जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप रोवा आणि त्यावर वर-खाली सरकणारी मोठी कडी. कडी पाइपच्या दीडपट तरी मोठी घ्या, नाहीतर काटक्या अडकून तिरकी बसते आणि अडसर पाण्याखाली ओढला जातो.

हंगामाचं म्हणाल तर अडसर मेअखेर लावा. उन्हाळाभर गटारात साठलेलं प्लास्टिक पहिल्या तीन-चार मोठ्या सरींत येतं, खरी कमाई तेव्हाच. जूनअखेर ओंडके आणि पोफळीच्या झावळ्या यायला लागल्या की काढून ठेवा, पाणी उतरल्यावर गणपतीच्या सुमारास परत लावा. निर्माल्याच्या पिशव्या आणि मखरांचं थर्माकोल तेव्हा येतं.

परवानगीचं आत्ताच बघा. ग्रामपंचायतीचा ठराव आणि जलसंपदा विभागाला पत्र. कोरड्या हंगामात पाण्याचा खारटपणा हजारी 5 भाग असेल तिथपर्यंत सीआरझेडचे (किनारी नियमन क्षेत्राचे) नियम लागतात, हेही वर सरकण्याचं एक कारण.

आणि पाण्यात उतरायचं नाही. वाशिष्ठीत मगरी आहेत, पावसाळ्यात त्या वहाळातही येतात. लेप्टोचा (उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा) धोका वेगळाच. लांब दांड्याचं दाताळं आणि झोळी घेऊन काठावरून काढा. गमबूट, रबरी हातमोजे. हातापायाला जखम असेल त्याने त्या दिवशी काम करू नये.

पेठकर

एक गोष्ट सुटतेय. अडसर फक्त तरंगणारं धरतो. दुधाच्या पिशव्या, झाकणं, थर्माकोल तरंगतं. पाण्याची बाटली बूच लावलेली असेल तोवरच तरंगते, कारण ते प्लास्टिक पाण्यापेक्षा जड आहे. बूच नसलेली बाटली, चिखल भरलेली पिशवी, नायलॉनच्या जाळ्याचे तुकडे तळाने जातात, आणि खाडीतल्या डोल जाळ्यांत (प्रवाहात बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांत) तेच भरतं. त्यासाठी पेठेची गटारं वहाळाला मिळतात त्या तोंडांवर काढता येणारे पिंजरे लावा. 10 मिमी सळईच्या उभ्या पट्ट्या, मधे 40 मिमी जागा, आणि वरची 15 सेंमी उघडी, म्हणजे पिंजरा भरला तरी पाणी दुकानांत शिरत नाही. पहिल्या पावसात रोज दोनदा उपसावे लागतील. हे काम कोण करणार ते ठरलं नसेल तर पिंजरे बसवू नका, तुंबलेलं गटार उघड्या गटारापेक्षा वाईट.

गावात सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांचे कच्चे बंधारे घालता का? त्या पिशव्या चार-पाच महिने उन्हात राहिल्या की विरतात आणि पहिल्या लोंढ्यात त्यांचे धागे-धागे होतात. ते धागे कुठलाच अडसर धरत नाही. मेअखेर पिशव्या मोजून काढायच्या, जितक्या घातल्या तितक्या. कलमांच्या काळ्या पिशव्यांचंही तसंच, लागवडीच्या दिवशीच गोळा करा.

काढलेला माल पत्र्याखाली पसरून वाळवा. ओला, चिखलाचा माल कुणी घेत नाही. बाटल्या आणि जाड डबे भंगारवाला नेतो. पातळ पिशव्यांसाठी स्वच्छ भारत मिशन ग्रामीणमधून तालुका पातळीवर प्लास्टिक व्यवस्थापन केंद्राची तरतूद आहे, पंचायत समितीत चौकशी करा. पातेरा वेगळा काढून खतात. जाळायचं काहीच नाही.

वहाळकाठ

जाळ्याचा विषय थांबवतो. दोन शंका. कमकुवत दुवा कुठल्या टोकाला? आणि उजव्या मातीच्या काठाला नांगर कशाचा? तिथे एक माड आहे.

जांभाकातळ

दुवा उजव्या, वरच्या टोकाला. तुटला की अडसर रस्त्याच्या बाजूला येऊन लागेल, परत बांधायला सोपं. शिवाय दुवा पाचशे किलोलाच तुटतो, त्यामुळे मातीच्या काठावर त्याहून जास्त ओढ येतच नाही.

माडाला बांधू नका. मुळं वरवर असतात, काठ खचला की माडासकट जाईल. काठापासून 3 मीटर आत, पुराची माती धुपणार नाही अशा जागी दीड मीटर खड्डा घेऊन 1 मीटर लांब-रुंद-उंच काँक्रीटचा ठोकळा पुरा, सुमारे 2.4 टन भरेल. त्यातून तारदोर आणून उभा पाइप मागे धरा. डावीकडे कातळात 20 मिमी सळई 60 सेंमी खोल भोकात ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) बसवा, पण आधी हातोडीने ठोकून बघा. जांभा पोकळ वाजला तर तिथे सळई धरणार नाही, घट्ट वाजेल तिथवर मागे सरका.