मुलीला बीएड करवू की डीएलएड? लहान मुलांनाच शिकवायचंय (इंदूर)

सुदामानगरची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी यंदा बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिला शिक्षिकाच व्हायचंय, तेही पहिली-दुसरीच्या पोरांची. सुट्टीत कॉलनीतली पाच-सहा मुलं गोळा करून बसते, तेव्हा तिचा चेहराच वेगळा असतो. शेजारच्या काकू म्हणतात बीएड करव, ते कुठेही चालतं. भंवरकुआच्या कोचिंगमध्ये विचारलं तर म्हणे डीएलएड, म्हणजे प्राथमिक शिक्षकांचा डिप्लोमा. मला धास्ती वाटते कारण मी स्वतः भोगलंय. एका प्रायव्हेट शाळेत बारा वर्षं विनाट्रेनिंग शिकवलं, मग २०१७ मध्ये आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती झाली की ३१ मार्च २०१९ पर्यंत सगळ्यांनी ट्रेनिंग पूर्ण करा नाहीतर घरी बसा. एनआयओएसचं (सरकारी मुक्त विद्यालयाचं) १८ महिन्यांचं डीएलएड केलं, रात्री ओटा आवरून असाइनमेंट लिहायचे. पास झाले तर पुढे कोर्टात वाद, की हे १८ महिन्यांचं दोन वर्षांच्या बरोबरीचं धरायचं का. आज पोरीचे पैसे आणि वर्षं घालायची आणि उद्या नियम बदलला तर?

देपालपूर_अतिथी
ताई, माझी गोष्ट ऐका म्हणजे काकूंचं का ऐकू नये ते कळेल. २८ जून २०१८ ला एनसीटीईने, म्हणजे शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या केंद्रीय परिषदेने, नोटिफिकेशन काढलं की बीएडवालेही पहिली ते पाचवीला चालतील, फक्त नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करायचा. आम्ही मित्र सगळे बीएडला पळालो, म्हटलं वर्ग १, वर्ग २, वर्ग ३ तिन्हीचे फॉर्म भरता येतील (या आपल्याकडच्या शिक्षकपदांच्या श्रेणी, वर्ग ३ म्हणजे पहिली ते पाचवी, वर्ग २ सहावी ते आठवी, वर्ग १ त्याच्या वरचे). ११ ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रायमरीसाठी बीएड चालणार नाही, लहान मुलांना शिकवायचं शिक्षण वेगळं असतं आणि ते डीएलएडमध्ये मिळतं. त्या तारखेआधी ज्यांची नेमणूक झाली होती त्यांना २०२४ मध्ये कोर्टाने सांभाळून घेतलं, आम्ही मात्र लटकलो. मला राग आला होता खूप, पण खरं सांगू, सहावी ते आठवीला गणित शिकवताना जी पोरं अजून वजाबाकीत हातचा घेताना अडतात ना, ती बघून वाटतं कोर्ट बरोबर बोललं. पहिलीत कोणी नीट शिकवलं असतं तर माझ्याकडे आल्यावर त्यांचे हे हाल झाले नसते.

मी वर्ग २ ला अतिथी शिक्षक आहे, म्हणजे मानधनावरचा तात्पुरता. २०२३ मध्ये मानधन ७,००० चं १४,००० झालं, आम्हाला तो फार मोठा दिलासा होता. पण ट्रान्सफर होऊन कोणी नियमित शिक्षक आला की आपण फॉलन आउट, मग परत पोर्टलवर शाळा शोधा. वर्गातली मुलं विचारतात सर उद्या येणार ना.

निवृत्त_मास्तर_रामबाग
मी १९९५ च्या सुमाराचा शिक्षाकर्मी. तेव्हा सरकारने सहायक शिक्षकांची जुनी पदं डाइंग कॅडर केली, म्हणजे माणूस रिटायर झाला की पद संपलं, आणि त्या जागी पंचायतीमार्फत कमी पैशात आम्हाला घेतलं. ट्रेनिंग? आधी नोकरी, ट्रेनिंग नंतर कधीतरी. मग २००१ ला संविदा (कंत्राटी) शिक्षक आले, २००७ ला अध्यापक संवर्ग, २०१८ ला नवीन शिक्षक संवर्ग. एकाच स्टाफरूममध्ये चार तऱ्हेचे शिक्षक, काम तेच, पगार वेगळा, आणि जुनी सर्व्हिस कुठून मोजायची यावरून भांडणं आजही चालू आहेत. शाळा वाढवायच्या होत्या, गावोगाव पोचायचं होतं आणि तिजोरीत पैसा कमी, हे मला समजतं, मुलं शाळेत आली हेही खरं. पण स्वस्तातला शिक्षक ही सवय एकदा लागली की सुटत नाही, अतिथी हे तिचंच पुढचं रूप. मला ते मनापासून चुकीचं वाटतं.

बाई, मुलीला डीएलएड करू द्या. शक्यतो बिजलपूरच्या डाएटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, प्रयत्न करा. १९८६ च्या शिक्षण धोरणातून या संस्था निघाल्या, जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षकांसाठीच.

बीएड_कॉलेजवाली
मी शिकवते म्हणून सांगते, कोर्स कुठला यापेक्षा कॉलेज कुठलं हे आधी बघा. नॉन-अटेंडिंग म्हणून जे चालतं ना, फी भरा आणि थेट परीक्षेला या, त्यात मुलगी काहीच शिकणार नाही. शिक्षक प्रशिक्षणावरच्या जस्टिस वर्मा कमिशनच्या २०१२ च्या रिपोर्टनंतर बीएड २०१५ पासून दोन वर्षांचं केलं ते याचसाठी, २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढायचे असतात. ते २० आठवडे ज्या कॉलेजात फक्त रजिस्टरमध्ये भरतात तिथे चार वर्षं बसलात तरी काय फरक पडणार. ॲडमिशनच्या आधी तिथल्या सीनियर मुलींना विचारा की इंटर्नशिपला कुठल्या शाळेत गेलात, किती दिवस. उत्तर द्यायला अडखळल्या की तिथून निघा.

आणि टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, विसरू नका. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने नोकरीत असलेल्यांनाही ती बंधनकारक केली, ज्यांची सर्व्हिस पाच वर्षांहून जास्त उरलीय त्यांना दोन वर्षांत पास व्हायचंय. माझी मोठी बहीण ५१ व्या वर्षी बालमानसशास्त्राच्या नोट्स काढतेय, हुशार शिक्षिका आहे, पण परीक्षेचं नाव काढलं की रडते. तुमच्या मुलीने कोर्सबरोबरच देऊन टाकावी.

सुदामानगरची_आई
सगळ्यांचे खूप आभार. एकच अजून, कोणी म्हणालं की चौथं वर्ष करून एका वर्षाचं बीएड होणार आहे?

बीएड_कॉलेजवाली
एनसीटीईने फेब्रुवारी २०२५ मध्ये मसुदा काढला होता, चार वर्षांची डिग्री किंवा एमए-एमएस्सी असलेल्यांसाठी. मसुद्याच्या भरवशावर वर्ष घालवू नका, पक्कं नोटिफिकेशन बघूनच ठरवा. शिवाय ते बीएडच झालं ताई, पहिलीच्या वर्गाला त्याचा उपयोग नाही. चार वर्षांचा जो इंटिग्रेटेड कोर्स २०२३ पासून सुरू झाला तो बारावीनंतरचा, म्हणजे तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

देपालपूर_अतिथी
डीएलएडचे फॉर्म निघाले की मी इथे टाकतो. आणि ताई, तिला शनिवारी माझ्या शाळेत यायचं असेल तर हेडसरांना विचारून ठेवतो, पहिलीचा वर्ग बघून जाऊ दे.