मिन्यानला दहावा माणूस मिळत नसेल तर बायकांना मोजायचं का?

अष्टागरची_लेक
गेल्या महिन्यात बाबांची जियारत (मृताच्या स्मरणाची प्रार्थना) होती, गावच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे आपल्या बेने इस्रायलींच्या, कोकणातल्या ज्यूंच्या, प्रार्थनामंदिरात. मुद्दाम गुरुवार धरला कारण गुरुवारी सकाळी सेफेर (तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी) पण वाचतात. सात वाजता आम्ही हजर, पुरुष किती तर आठ, आणि ठाण्याहून निघालेले दोघं चुलतभाऊ वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले. वर माडीवर आम्ही बायका अकरा जणी. मिन्यान म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारे तेरा वर्षांवरचे दहा पुरुष, ते नसतील तर कद्दीश (गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना) म्हणता येत नाही की हेखालचा (सेफेर ठेवायच्या कपाटाचा) पडदा सारून सेफेर बाहेर काढता येत नाही. सव्वा तास थांबलो. हजान (प्रार्थना चालवणारे) दर पाच मिनिटांनी दारात जाऊन रस्ता बघून यायचे. माझा भाऊ कद्दीशचं पान उघडून, बोट त्या ओळीवर ठेवून उभा होता, शेवटी त्याने पुस्तक मिटलं. बाबांसाठी कद्दीश झालाच नाही. मागे मलिद्याचे (प्रसादाचे) पोहे भिजून तयार, खोबरं आईने पहाटे उठून खवलेलं.
ते दोघं दहाला पोचले तेव्हा काहीजण कामावर निघून गेले होते.
माझं म्हणणं एवढंच की त्या इमारतीत तेव्हा एकोणीस बेने इस्रायली माणसं होती आणि आपण म्हणालो दहा नाहीत. हे मला पटत नाही. बायकांना मोजा.

पेणकर_काका
पोरी, वाचून फार वाईट वाटलं. कद्दीश राहणं काय असतं ते मला माहितीय. पण दहा हा आकडा आपल्या सोयीचा नाही. मोशेने पाठवलेल्या बारा हेरांपैकी जे दहा वाईट बातमी घेऊन आले त्यांना तोरात 'एदा' म्हणजे मंडळी म्हटलंय, तिथून हा आकडा काढलाय. दहाही पुरुष. आणि आपल्या लोकांनी तर नियमाबाबत जास्तच जपून राहावं. इस्रायलमध्ये आपल्या लोकांच्या लग्नांवर शंका काढल्या तेव्हा जेरुसलेममध्ये धरणं धरावं लागलं, १९६४ ला कुठे सरकारने मान्य केलं की बेने इस्रायल सगळ्या बाबतीत पूर्ण ज्यू आहेत. आज आपणच नियम सैल केले तर उद्या नातवंडांना परत कोणीतरी विचारेल.

रास्ता_पेठ
काका, आदर ठेवून सांगतो, तो वाद वंशाचा आणि लग्नाचा होता, मिन्यानचा नव्हता.
आणि आपण एक गोष्ट विसरतो. नवगावला गलबत फुटलं त्यानंतर कित्येक शतकं आपल्याकडे ना सिनेगॉग होतं ना हजान, हिब्रू पण गेलेलं, उरला फक्त शमा (ज्यूंची मुख्य प्रार्थना), सुंता, शनिवारी घाणा बंद आणि खाण्यापिण्याचे नियम. म्हणून तर गावकरी शनिवार तेली म्हणायचे. पहिलं सिनेगॉग सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत मांडवीला बांधलं ते १७९६ मध्ये. त्याआधी धर्म कुठे टिकला? चुलीपाशी. डेव्हिड रहाबी या बाहेरून आलेल्या ज्यूची कथा घरोघरी सांगतात, त्याने आपल्या बायकांना मासे रांधायला दिले आणि त्यांनी खवले नसलेले, म्हणजे ज्यूंना वर्ज्य असलेले, वेगळे काढून ठेवले, हे आम्ही खात नाही म्हणाल्या, आणि तेवढ्यावरून त्याने ओळखलं की हे आपलेच लोक. आपली ओळख बायकांच्या हातून पटली आणि त्यांनाच मोजायचं नाही?

जुनी_मशीद
कथा सांगायची तर पूर्ण सांगा. मासे बायकांनी निवडले, बरोबर, पण नंतर रहाबीने शिकवून काजी (आपल्यात धर्मकार्य चालवणारा) कोणाला केलं तर झिराडकर, राजपूरकर, शापूरकर या घराण्यातल्या तीन पुरुषांना. घरातलं काम आणि मंडळीतलं काम वेगळं असतं, यात कोणाचा अपमान नाही.

अष्टागरची_लेक
झिराडकरांचं नाव काढलंत ते बरं झालं. १९२५ मध्ये मुंबईत ज्युईश रिलिजियस युनियन सुरू झाली, पुरोगामी पंथाची, म्हणजे जुने नियम काळाप्रमाणे बदलू पाहणारी, ती सुरू करण्यात पुढे कोण होतं तर डॉ. जेरुशा झिराड. आडनाव बघा. बायकांची डॉक्टर, लंडनला शिकलेली, नंतर पद्मश्री. म्हणजे हा विषय मी आज अमेरिकेचं बघून काढलेला नाही, आपल्याच बाईने शंभर वर्षांपूर्वी काढला.

अश्दोदहून
मी बाईच आहे आणि माझं मत उलट आहे म्हणून लिहितेय. आमचं कुटुंब इकडे इस्रायलला आलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते, इकडे मिन्यानची अडचण कधीच आली नाही, उलट सणाला उभं राहायला जागा नसते. मला मोजलं नाही म्हणून मी कमी आहे असं मला कधी वाटलं नाही. पुरुषांवर ती सक्ती आहे, आमच्यावर नाही. भीती वेगळीच वाटते, बायका मोजल्या जायला लागल्या की जे पुरुष आज कसेबसे येतात ते पण येणार नाहीत, म्हणतील बहीण गेलीय ना, भागेल. वीस हजारांच्या घरात होतो आपण तिकडे भारतात, आता चार-पाच हजार उरले, त्यात ही सूट दिली तर माडी भरलेली आणि खाली रिकामं असं होईल.

रास्ता_पेठ
मावशी, पण खाली आत्ताच रिकामं आहे. आमच्याकडे पुण्यात अजून जमतं, कोकणातल्या सिनेगॉगना शनिवारी कुलूपच असतं, आणि शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) वाहन चालत नाही, म्हणून मुंबईहून गाडी करून कोणी येऊ पण शकत नाही.

पेणकर_काका
नियमावर मी माझं म्हणणं सोडणार नाही. पण अष्टागरची लेक, पुढच्या जियारतीची तारीख आत्ताच कळव. मी आणि ठाण्याचे अजून तिघं आदल्या संध्याकाळीच येऊन राहतो, वडखळचा प्रश्नच नको. कद्दीश राहणार नाही हा माझा शब्द.

अष्टागरची_लेक
काका, नक्की या. आईला सांगते, चार माणसांचे पोहे जास्त भिजव. भाऊ कद्दीश म्हणेल तेव्हा मी माडीवरून आमेन म्हणेन आणि मनापासून म्हणेन. पण मुलगी मी पण त्यांचीच आहे काका, आणि खाली तुम्ही दहा मोजाल तेव्हा मी त्यात नसेन, ते मला तेव्हाही लागणारच.