मदत हवी आहे: जनरेटरचा आवाज कसा कमी करावा?

नमस्कार मंडळी. सोलापुरात आमचं युनिफॉर्म शिलाईचं छोटं युनिट आहे. लाईट गेली की पेट्रोलवरचा २ केव्हीएचा जनरेटर लावतो. शेजारचे आजोबा आजारी असतात, त्यांचे हाल बघवत नाहीत. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, आमचा आवाज त्याच्या कितीतरी वर.

खाली जाड रबरी पॅड टाकल्यावर फरशीची थरथर थांबली, सायलेन्सरचा फटफटाट मात्र तसाच. आता प्लायवूडची पेटी करून आतून रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) लावायचं मनात आहे. भीती उष्णतेची. इंजिन हवेवर थंड होणारं, त्यात इथला मे महिना! हवेला वळणाची वाट ठेवली तर ती किती रुंद हवी? पंखा लागेल का? धूर पाईपने उघड्यावरच सोडणार, कार्बन मोनॉक्साइडशी खेळ नको. पण पाईप लांबवला तर इंजिनावर उलटा दाब येईल का?

कोणी अशी पेटी केली असेल तर कृपया मापं आणि फोटो टाका.